क्रूझवरचं ते कार्ड : सात माणसं, तीन खोल्या

कृष्णाकाठची (सोमवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही घरचे सात जण सिंगापूरहून क्रूझला जातोय. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, चार रात्री. मी, मिस्टर, मुलगा (१४), मुलगी (९), सासूबाई (७६) आणि दीर-जाऊ. सासूबाई एरवी सांगलीत विश्रामबागेच्या बाहेर एकट्या पडत नाहीत, पण पासपोर्टच्या फोटोला सगळ्यात आधी त्याच तयार होऊन बसल्या होत्या.

एजंटला विचारलं की तिथं खोलीची चावी, पैसे, ओळखपत्र याचं कसं काय असतं? तर म्हणाला, "मॅडम, एक कार्ड मिळतंय बघा, त्याच्यावरच सगळं चालतंय." सगळं म्हणजे काय, ते त्यालाही नीट माहीत नसावं असं वाटलं. म्हणून इथे विचारतेय.

एक म्हणजे, कागदावर एका खोलीत मिस्टर आणि मुलगा, दुसरीत मी, मुलगी आणि सासूबाई, तिसरीत दीर-जाऊ असं आहे. प्रत्यक्षात मुलगा आजीजवळ झोपणार. त्याशिवाय त्या दोघांनाही झोप लागत नाही. मग त्याच्या कार्डाने आजीची खोली उघडणार का? दुसरं, त्याच कार्डावर खरेदी होत असेल तर १४ वर्षांच्या मुलाच्या हातात ते द्यायचं का? आणि तिसरं सासूबाईंचं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, मोबाईल साधा, बटणांचा. कार्ड हरवलं तर? त्यांच्याकडे एक प्लास्टिकची पिशवी आहे, त्यात रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक सगळं एकत्र. हे कार्डही त्यातच जाणार हे नक्की.

---

मिरजमार्गे (सोमवार, रात्री १०.४१)

वाचतोय. आम्हीही दिवाळीनंतर जायचं म्हणतोय.

---

कंदीपेढा (सोमवार, रात्री ११.१५)

ताई, गेल्या वर्षी आम्ही साताऱ्याहून दहा जण गेलो होतो, त्यामुळे थोडंफार सांगू शकते.

नाव प्रत्येक कंपनीत वेगळं. रॉयल कॅरिबियनवाले त्याला 'सीपास' म्हणतात, कार्निव्हलवाले 'सेल अँड साइन', डिस्नेचं 'की टू द वर्ल्ड'. प्रिन्सेसच्या बोटींवर कार्डाऐवजी 'मेडॅलियन' नावाचा गोल बिल्ला असतो. काम साधारण तेच. कार्ड माणशी एक, नऊ वर्षांच्या मुलीलाही वेगळं.

त्यावर नाव, बोटीचं नाव, निघायची तारीख आणि तुमच्या हिशेबाच्या खात्याचा नंबर असतो. ठरलेल्या वेळेचं जेवण घेतलं असेल तर ती वेळ आणि टेबल नंबर. आणि एक अक्षर किंवा अक्षर-आकडा, जसं सी ४. आमच्या काकांना वाटलं तोच खोलीचा नंबर. ते अर्धा तास 'सी ४' नावाची खोली शोधत फिरले. तो मस्टर स्टेशनचा नंबर, म्हणजे संकटाच्या वेळी कुठं जमायचं ती जागा. खोलीचा नंबर बहुतेक कार्डांवर मुद्दामच छापत नाहीत. कार्ड पडलं आणि कुणाला सापडलं तर तो थेट तुमच्या दारात येऊ नये म्हणून. त्यामुळे सासूबाईंकडून खोलीचा नंबर पाठ करून घ्या, किंवा कार्डापासून वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्या.

पैशाचं सांगते. बोटीवर रोख चालत नाही. कार्ड दाखवायचं, खर्च खात्यावर पडतो, शेवटी सगळं तुमच्या क्रेडिट कार्डातून जातं. हिशेब बहुतेक डॉलरमध्ये. माणशी रोजची टिप आपोआप लागते, बऱ्याच कंपन्यांत ती १५ ते २० डॉलरच्या घरात असते. तुम्ही सात जण, चार रात्री, गुणाकार तुम्हीच करा. एजंटने ती आधी भरलीय का हे लेखी विचारा. शिवाय बारमधल्या प्रत्येक ग्लासवर साधारण १८ टक्के वेगळे. मी एक लिंबूपाणी घेतलं होतं, त्याची किंमत अजून मिस्टरांना सांगितलेली नाही.

आणि डेबिट कार्ड जोडू नका. ते लोक अंदाजाने रक्कम आधीच अडवून ठेवतात आणि ती सुटायला घरी आल्यावरही काही दिवस जातात. क्रेडिट कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर चालू केलाय का ते सांगलीतूनच बघून निघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डांवर तो मुळात बंदच येतो. आमच्या दिरांचं कार्ड काउंटरवर तीनदा नाकारलं गेलं, आणि मागे रांग.

---

भडंग_कांदा_लिंबू (मंगळवार, सकाळी ८.०५)

पोराच्या कार्डाबद्दल मी सांगतो, कारण आमच्यात झालंय. कंपनीचं नाव घेत नाही, चूक आमचीच.

माझ्या मेव्हण्याचा मुलगा, वय १२. बोटीवर व्हिडिओ गेमची खोली होती. गाडीत बसायचं, कार्ड ओढायचं, गाडी चालू. पोराला वाटलं, खोलीचं कार्ड आहे म्हणजे फुकट आहे. दोन संध्याकाळी मनसोक्त गाडी चालवली. तिसऱ्या दिवशी मेव्हण्याने सहज टीव्हीवर हिशेब उघडला तर ८३ डॉलर! जेवणाच्या टेबलावर जे काही झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाजूच्या टेबलावरच्या गोऱ्या बाईनं पोराला आइस्क्रीम आणून दिलं.

तात्पर्य, पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्या, नाहीतर मर्यादा घालून घ्या. दोन्ही होतं. दार उघडतच राहतं.

दुसरी एक युक्ती. बोटीवर सगळे कॉरिडॉर एकसारखे, दारं पण एकसारखी. पण ती लोखंडी असतात, चुंबक चिकटतो. फ्रिजवरचा एखादा मॅग्नेट सोबत न्या आणि दारावर लावा. सासूबाईंना लांबूनच खोली ओळखू येईल.

---

सावध_नागरिक (मंगळवार, सकाळी ९.३०)

ताई, महत्त्वाचं कुणी सांगतच नाही. त्या कार्डात तुमचा क्रेडिट कार्ड नंबर, पत्ता, पासपोर्ट सगळं भरलेलं असतं. परत देऊ नका. घरी आणून कात्रीने तुकडे करा. मला व्हॉट्सॲपवर सविस्तर आलंय, टाकू का?

---

टेबललँड (मंगळवार, दुपारी २.५०)

नका टाकू, काका. ती गोष्ट २००३ पासून फिरतेय. अमेरिकेत पॅसाडेनाच्या पोलिसांकडून हॉटेलच्या कार्डांबद्दल एक सावधगिरीचा ईमेल बाहेर पडला आणि मग तो जगभर फिरला. नंतर तपासात हॉटेलच्या कार्डात असलं काही सापडलं नाही. तुमच्या व्हॉट्सॲपवर त्याचंच नातवंड आलेलं दिसतंय.

माझी ओळख : पाचगणीत छोटं हॉटेल आहे, बारा खोल्या. कार्डाची कुलपं आम्ही बसवली तेव्हा कंपनीच्या माणसाबरोबर दोन दिवस बसलो होतो. बोटीवरचं तत्त्व तेच आहे, म्हणून लिहितो.

दारासाठी कार्डात असतं ते एवढंच : कोणतं दार, कधीपर्यंत आणि एक क्रमांक. बोटीवर खरेदीसाठी तुमच्या खात्याचा नंबर वाचला जातो, बाकी सगळं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये. कार्ड म्हणजे वाण्याच्या वहीतला पान नंबर. त्या नंबरावरून तुमची उधारी निघते, पण नंबराच्या चिठ्ठीवर उधारी लिहिलेली नसते.

आता गंमत. बऱ्याच ठिकाणी दाराचं कुलूप काउंटरशी जोडलेलंच नसतं. आत सेल असतात, त्यावर ते एकटंच चालतं. मग हरवलेलं कार्ड त्याला कळणार कसं? तर नवं कार्ड बनवताना त्यात पुढचा क्रमांक लिहितात. ते दाराला लागलं की कुलूप समजतं, पुढचा क्रमांक आला, मागचे सगळे रद्द. म्हणजे नवं कार्ड दाराला लावेपर्यंत हरवलेलं कार्ड चालूच असतं! म्हणून कार्ड हरवलं तर नवं घेतल्यावर आधी खोलीवर जाऊन दार उघडा, मग जेवायला जा. नव्या बोटींवर कुलपं नेटवर्कला जोडलेली असतात, तिथं हा प्रश्न येत नाही, पण बोट नवी आहे की जुनी हे आपल्याला थोडंच कळतं.

कार्ड दोन प्रकारची. मागे पट्टी असते ती चुंबकाची. बँकेच्या कार्डावरची पट्टी दणकट असते, साधारण २७५० ऑर्स्टेड (पट्टी पुसायला किती जोराचं चुंबक लागतं, त्याचं माप). हॉटेलची बहुतेक तपकिरी पट्टी ३०० च्या आसपास, म्हणजे अगदी नाजूक. पर्सचं चुंबकाचं बटण, मोबाईलच्या कव्हरचं चुंबक, एवढ्यानेही ती पुसली जाते. लोक मोबाईलला दोष देतात, खरा चोर कव्हर असतं. दुसरा प्रकार नुसतं टेकवायचा, त्याला चुंबकाने काही होत नाही. पण त्याच्या आत कडेकडेने बारीक तार असते. गळ्यात अडकवायला कुणी घरच्या पंचिंग मशीनने भोक पाडलं आणि तार तुटली की संपलं. भोक पाडू नका, पारदर्शक खिसा असलेली गळ्यातली दोरी इथूनच न्या. शाळेच्या दुकानात मिळते.

विषयांतर : सुरुवातीच्या अशा कार्डांमध्ये पट्टी नव्हती, भोकंच होती. टॉर सॉर्नेस या नॉर्वेच्या माणसाने सत्तरच्या दशकात हे काढलं. ३२ जागा, प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही. दोनाचा ३२ वा घात करा, चारशे वीस कोटींच्या वर कुलपं होतात. कुलूपवाल्याने हे सांगितलं तेव्हा आमचे वडील म्हणाले, "आपल्याला बाराच पायजेत."

---

कृष्णाकाठची (मंगळवार, रात्री ९.१०)

किती छान सांगताय सगळे! कंदीपेढा, गुणाकार केला. मिस्टरांना उद्या सांगेन.

मुलाच्या खोलीचा प्रश्न मात्र राहिला. एजंटला म्हटलं कागदावरच बदल, तर म्हणतो आता बदललं तर पुन्हा पैसे.

---

अपशिंगेकर (मंगळवार, रात्री ११.५५)

राम राम. मी सातारा तालुक्यातला, गाव अपशिंगे मिलिटरी. फौजेत १७ वर्षं, त्यानंतर सहा वर्षं क्रूझवर सिक्युरिटीत होतो. आता शेती. धागा पोरीनं दाखवला.

ताई, कागद बदलू नका. कागदावर जो ज्या खोलीत, त्याचं संकटातलं ठिकाण त्या खोलीवरून ठरतं. मुलगा आजीजवळ झोपू दे, त्याला कुणाची ना नाही. फक्त पोरगा आणि त्याचे वडील यांचं कार्डावरचं अक्षर बघून ठेवा आणि आजीचं पण. खोल्या शेजारी असतील तर बहुतेक एकच निघेल. वेगळं निघालं तर आधीच घरात ठरवून ठेवा, कुणी कुणाला घेऊन जायचं. आजीच्या दारासाठी काउंटरवर एक जादा कार्ड मागा. नुसतं दार उघडणारं देतात. त्याचं खरं कार्ड त्याच्या गळ्यात असू दे.

आता सगळे चावी चावी म्हणताय आणि पैसे पैसे म्हणताय. आमच्या लेखी त्या कार्डाचं खरं काम तिसरंच. माझी ड्युटी गँगवेवर असायची, म्हणजे बोटीतून उतरायच्या दारात. तुम्ही कार्ड टेकवलं की टिंग वाजतं आणि माझ्या स्क्रीनवर तुमचा फोटो येतो, चढताना पहिल्या दिवशी काढलेला. मी फोटो बघतो, तोंड बघतो. उतरला, नोंद झाली. परत चढला, नोंद झाली. संध्याकाळी निघायच्या आधी मला दिसतं, कोण आत नाही. दोन हजारातले तीन बाहेर असले तर त्या तिघांची नावं आणि फोटो समोर. म्हणून एकाचं कार्ड दुसऱ्यानं वापरायचं नाही. नवरा-बायको हसत हसत अदलाबदल करून येतात, आणि आमचा हिशेब चुकतो.

मस्टरची कवायत चुकवू नका. लोक कंटाळा करतात, खोलीत झोपून राहतात. २०१२ च्या १३ जानेवारीला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर गेली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हा नियमच २४ तासांत घ्या असा होता. आता बोट निघायच्या आधी, नाहीतर निघाल्याबरोबर घ्यावीच लागते. हल्ली बऱ्याच बोटींवर व्हिडिओ बघायचा, मग आपल्या ठिकाणी जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं. पाच मिनिटांचं काम. न केलं तर तुमचं नाव लाल दिसतं आणि आमचा माणूस दारात येतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा संकटाचा इशारा आजींना पण सांगून ठेवा.

सांगलीकरांना जास्त सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात महापुरात ब्रह्मनाळला नाव उलटली तेव्हा मी बोटीवर होतो, घरून फोन आला. क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढलेली होती. त्या रात्री ड्युटीवर टिंग टिंग ऐकताना बरं वाटलं नाही.

---

आयर्विनचा_कठडा (बुधवार, सकाळी ७.३०)

दादा, तुमच्या प्रतिसादाला सलाम. त्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर होतं, आम्ही तीन दिवस माडीवर होतो. बोट आली की आधी कोण जाणार यावर भांडणं. कोण गेलं आणि कोण राहिलं हे आमच्या गल्लीत एका बाईने शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून कळलं.

---

भडंग_कांदा_लिंबू (बुधवार, सकाळी ९.००)

+१. माझ्या ८३ डॉलरची गोष्ट आता फारच फालतू वाटायला लागलीय.

---

कंदीपेढा (बुधवार, दुपारी १.२०)

अपशिंगेकर दादांच्या बोलण्यावरून आठवलं. लहान मुलांच्या क्लबात टाकलेल्या मुलांच्या मनगटाला मस्टरचं अक्षर लिहिलेला पट्टा बांधतात. मुलीला तो खाजतो म्हणून काढू देऊ नका.

आणि फुकेतला घड्याळ सांभाळा. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. मोबाईल आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो. बोट कोणती वेळ पाळणार ते उतरतानाच विचारा आणि साध्या मनगटी घड्याळात तीच ठेवा. टिंग वाजवायला वेळेत पोचायला हवं ना.

---

सावध_नागरिक (बुधवार, दुपारी ३.४५)

मी तरी तुकडेच करणार.

---

कृष्णाकाठची (पाच आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.३०)

मंडळी, आलो. सगळे सुखरूप. वृत्तांत द्यायलाच हवा, कारण तुमचं निम्मं ऐकलं आणि निम्मं ऐकायचं राहिलं, त्यामुळे जे झालं ते झालं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून विमान. सासूबाईंनी सिंगापूरच्या विमानतळापेक्षा बोटीवरच्या लिफ्टचं कौतुक जास्त केलं. चढताना फोटो काढले. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला, बाई म्हणाली काढा, या म्हणाल्या, "घरी पण असाच असतो." शेवटी पदर थोडा मागे सरकवून तडजोड झाली. हे लिहिण्याचं कारण म्हणजे नंतर प्रत्येक बंदरावर गँगवेवरचा पोरगा स्क्रीन बघायचा, मग सासूबाईंकडे बघून हात जोडायचा.

पहिल्याच दुपारी काउंटरवर जाऊन दोन कामं केली. मुलाच्या आणि मुलीच्या कार्डावरची खरेदी बंद. मुलगा दिवसभर गप्प होता. आणि आजीच्या खोलीसाठी मुलाला जादा कार्ड, कोरं पांढरं, त्यावर काहीच छापलेलं नाही. मस्टरचं अक्षर आमचं सगळ्यांचं एकच आलं. कवायतीला सासूबाई सगळ्यात आधी जाऊन उभ्या.

आता मुख्य प्रकार. भडंग, तुमची मॅग्नेटची युक्ती मला फारच आवडली होती. फ्रिजवरचे दोन गणपती काढून नेले. एक सासूबाईंच्या दारावर लावला. दुसरा मिस्टरांच्या दारावर लावायचा राहिला आणि माझ्या छोट्या पाउचमध्ये गेला. त्याच पाउचमध्ये मी सासूबाईंचं कार्ड, माझं आणि मुलीचं अशी तीन ठेवत होते, हरवू नयेत म्हणून. टेबललँड, तुम्ही पर्सचं बटण लिहिलं होतं, मोबाईलचं कव्हर लिहिलं होतं. गणपती लिहिला नव्हता.

दुसऱ्या रात्री साडेदहाला शो बघून आलो. सासूबाईंचं कार्ड, लाल दिवा. माझं, लाल. मुलीचं, लाल. सासूबाई म्हणाल्या, "पदराला पुसून बघ." तेही केलं. काउंटरवर पंधरा-वीस माणसांची रांग, मुलगी खांद्यावर झोपलेली. तिथल्या पोराने कार्डं बघितली, मग माझं पाउच बघितलं, मग नुसतंच विचारलं, मॅग्नेट? मी गणपती काढून दाखवला.

नवी तीन कार्डं घेतली. तुमचं वाचलेलं आठवलं म्हणून आधी जाऊन दार उघडून बघितलं. हिरवा दिवा, सगळे झोपलो. अकराला दारावर धडधड. मुलगा पूलवरून आलेला, ओला, कुडकुडतोय, त्याचं पांढरं कार्ड चालत नाही!

तिसऱ्या दिवशीचं ऐका. सासूबाई दुपारी नाचाच्या आवाजाच्या दिशेने गेल्या आणि परत येताना एक मजला चुकल्या. आमचा आठवा, त्या नवव्यावर. कॉरिडॉर तोच, गालिचा तोच. आपल्या खोलीच्या बरोबर वर असलेल्या दाराला कार्ड लावत बसल्या. आतून कुणी बाहेर आलं नाही हे नशीब. साफसफाई करणारा मुलगा आला, इंग्रजीत काहीतरी विचारलं. यांनी मराठीत सांगितलं, "माझ्या दारावर गणपती आहे." चिठ्ठी? ती रेशनकार्डाच्या पिशवीत, आणि पिशवी खोलीत. त्या मुलाला 'गणपती' तेवढं कळलं, म्हणून तो त्यांना घेऊन नवव्या मजल्यावरची सगळी दारं बघत फिरला. मग काउंटरवर नेलं, कार्ड स्कॅन करून खोली कळली, आणि आठव्यावर आणून सोडलं. गणपती दिसल्यावर तो सासूबाईंपेक्षा जास्त खूश झाला, म्हणे.

फुकेतला मिस्टरांचा मोबाईल तासभर मागे गेला. बोट सिंगापूरच्याच वेळेवर होती. आमच्याकडे माझ्या वडिलांचं किल्लीचं घड्याळ होतं, ते कामी आलं. मोबाईलवर विसंबलो असतो तर धावपळ झाली असती.

हिशेब मी रोज रात्री टीव्हीवर बघत होते. एक पाण्याची बाटली आम्ही न घेतलेली लागली होती, काउंटरवर सांगितल्यावर काढली. आणि शेवटच्या रात्री बघते तर सासूबाईंच्या नावावर ३० डॉलर! विचारलं तर म्हणाल्या, "अगं ते हौजी. शेजारच्या बाई खेळत होत्या, मी पण कार्ड दिलं." बिंगो खेळून आल्या होत्या. मुलांची खरेदी बंद करायची आठवण होती, त्यांची बंद करावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

---

टेबललँड (रविवार, रात्री ८.०५)

गणपतीबद्दल क्षमस्व. यादीत टाकला.

मुलाचं कार्ड का बंद पडलं ते आता तुम्हाला कळलंच असेल. काउंटरवाल्याने 'नवं' कार्ड काढलं. तुम्ही ते दाराला लावलं, मागचे सगळे क्रमांक रद्द झाले, पांढरं कार्डही त्यातच. कार्ड हरवलेलं नसेल, नुसतं बिघडलं असेल, तर 'डुप्लिकेट' मागायचं. मग बाकीची चालू राहतात. आमच्याकडेही नवा मुलगा काउंटरवर असला की हा घोळ होतो. एका लग्नाच्या वऱ्हाडात रात्री दीडला सहा जण कॉरिडॉरमध्ये.

---

भडंग_कांदा_लिंबू (रविवार, रात्री ८.३०)

ताई, मी लाजलोय. पण सापडल्या त्या गणपतीमुळेच, हे नोंदवून ठेवावं ही विनंती. आजी जिंकल्या का?

---

कृष्णाकाठची (रविवार, रात्री ८.५२)

नाही. पण एका आकड्याने हुकलं, असं गेले दहा दिवस गल्लीत सगळ्यांना सांगतायत.

---

अपशिंगेकर (रविवार, रात्री ११.१०)

सगळे सुखरूप आले, बरं वाटलं. गँगवेवरच्या पोराचं वाचून हसलो. आम्ही पण असे एकदोन जण लक्षात ठेवायचो. आजींना नमस्कार.

---

सावध_नागरिक (सोमवार, सकाळी ८.४०)

कार्डांचं काय केलंत शेवटी? तुकडे केले ना?

---

कृष्णाकाठची (सोमवार, सकाळी ९.१५)

आमची पाच मुलीच्या खेळण्यात गेली, ती त्यांचं हॉटेल हॉटेल खेळते. पांढरं मुलाने ठेवलं. सासूबाईंचं रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. परवा दुकानात धान्य आणायला गेल्या तर पिशवीतून आधी तेच निघालं. दुकानदार म्हणाला, "आजी, हे कशाचं?" त्यावर दहा मिनिटं रांग थांबली.

---

मिरजमार्गे (सोमवार, सकाळी १०.००)

फार कामाचा धागा. ताई, एजंटचं नाव विपू (खासगी विचारपूस) करता का? म्हणजे त्याच्याकडे जायला नको.

---

कृष्णाकाठची (सोमवार, सकाळी १०.०४)

केली आहे.